तुम्ही विचारलंत म्हणून: पॅरॅलॅक्सवाला स्कोप घ्यायचा का?

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणीही नवी एअर रायफल घेतली की थोड्याच दिवसांत विचारतो: खोक्यावर 'स्मॉल गेमसाठी उत्तम' असं छापलेला, पॅरॅलॅक्सची रिंग असलेला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घेऊ, की साधा चालेल?

खोक्यावरचं ते वाक्य आधी बाजूला ठेवा. ते परदेशातल्या खारी-सशांच्या शिकारीसाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 सालचा आहे. ससा, कवडा, साळिंदर मारणं हा गुन्हा, मग तो प्राणी तुमच्याच भाटात का शिरलेला असेना. तेव्हा इथे बोलायचं ते कागदी टार्गेट आणि रिकाम्या डब्यांबद्दल. आणि मुलगा 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत उतरणार असेल तर स्कोप घेऊच नका. त्या प्रकारात तो चालत नाही.

आता मुद्दा. टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) स्कोपच्या आत एकाच प्रतलात आले नाहीत की डोळा जरासा हलला तरी क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकतो, रायफल तसूभरही हललेली नसताना. हाच पॅरॅलॅक्स. साध्या स्कोपमध्ये तो कारखान्यातच एका अंतराला पक्का केलेला असतो: मोठ्या रायफलींच्या स्कोपला बहुधा 100 यार्ड, रिमफायरच्या (.22 सारख्या लहान काडतुसाच्या रायफलीच्या) स्कोपला साधारण 50. समजा, 100 मीटरला पक्का केलेला, पुढची काच 40 मिमीची असलेला स्कोप तुम्ही 10 मीटरवर वापरला. काचेचा अर्धा व्यास 20, गुणिले अंतरातला फरक 90, भागिले 100. डोळा पार कडेला गेला तर चूक 18 मिमी! 10 मीटरच्या टार्गेटचं अख्खं काळं वर्तुळ 30.5 मिमी व्यासाचं. म्हणजे नेम मधोमध दिसतो आणि छर्रा काळ्याबाहेर. तोच स्कोप 50 मीटरवर जास्तीत जास्त 10 मिमी फसवेल. जवळच्या टार्गेटला पॅरॅलॅक्सची काय फिकीर, असं बहुतेकांना वाटतं, आणि हिशेब नेमका उलटा आहे.

रिंग फिरवून ते पक्कं अंतर टार्गेटच्या अंतराइतकं करता येतं, म्हणून घ्या. परसात 10 ते 25 मीटरच मिळतात, तिथे ही रिंग मोठ्या झूमपेक्षा जास्त कामाची. दुकानात झूमचा आकडा नंतर बघा, आधी रिंगेवरचा सर्वांत लहान आकडा बघा. तो 10 यार्ड, म्हणजे साधारण 9 मीटर, किंवा त्याहून कमी हवा. 25 यार्डांपासून सुरू होणारी रिंग आपल्या उपयोगाची नाही. रिंग पुढच्या भिंगाभोवती असते किंवा डाव्या बाजूला नॉब असतो. नॉब गालाला रायफल लावूनच फिरवता येतो, पण किंमत चढते. 3-9×40, म्हणजे 3 ते 9 पट झूम आणि 40 मिमीची पुढची काच, पुरे.

लावताना क्रम चुकतो तो इथेच. आधी डोळ्याकडची काच: स्कोप पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि पहिल्या नजरेत क्रॉसहेअर काळाकुट्ट, रेखीव दिसेपर्यंत मागची रिंग फिरवा. टक लावून बघत राहू नका, डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता. मग रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, टार्गेट स्पष्ट होईपर्यंत पॅरॅलॅक्सची रिंग फिरवा, आणि रायफलीला हात न लावता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर जागचा हलत असेल तर रिंग केसभर फिरवून पुन्हा बघा. चित्र स्वच्छ दिसण्यावर विसंबू नका, खरी परीक्षा डोकं हलवण्याचीच. रिंगेच्या आट्यांत थोडी ढिलाई असते, म्हणून शेवटचं फिरवणं नेहमी एकाच दिशेने. छापील आकड्यांवरही भरवसा नको. टेपने अंतर मोजून रिंगेवर पांढऱ्या रंगाची आपली खूण करा. भर दुपारी स्कोप तापला की तीही जराशी सरकते.

साधाच स्कोप आधीपासून असेल तर फेकू नका. डोळा बरोबर मध्यावर असला की पॅरॅलॅक्सची चूक उरत नाही. डोकं थोडं मागे घ्या, कडेची काळी सावली चारही बाजूंनी सारखी दिसली की डोळा मध्यावर आहे. गाल दर वेळी तिथेच टेकावा म्हणून दस्त्यावर फोमचा तुकडा बांधला तरी भागतं.

नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीला मात्र वाटेल तो स्कोप चालत नाही. ती आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते; नुसता मागचा झटका धरून बनवलेल्या स्कोपचं आतलं भिंग सुटतं. एअरगनसाठीच बनवलेला मागा. रायफलीवरच्या 11 मिमी रेलवर (खाचेच्या पट्टीवर) एकसंध माउंट (स्कोप धरणारी पकड) बसवा, त्याची पिन रेलच्या भोकात गेलीच पाहिजे, नाहीतर स्कोप हळूहळू मागे सरकतो आणि तुम्ही छऱ्यांना दोष देत बसता. टार्गेटमागे चिऱ्याचा गडगा असेल तर पुढे जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली लाकडी पेटी ठेवा, छर्रा चिऱ्यावरून उलटतो.

पुढचं भिंग थोडं उघडून साध्या स्कोपचा पॅरॅलॅक्स जवळ आणायची युक्ती बरेच जण सांगतात. होतं ते खरं, पण आत ओल धरू नये म्हणून भरलेला नायट्रोजन निघून जातो आणि आपल्या पावसाळ्यात आत वाफ धरते. कोरड्या गावात कदाचित निभेल, गोव्यात नाही. जून ते सप्टेंबर स्कोप फोमच्या केसमध्ये ठेवू नका, फोम ओल धरतो. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरा. काचेवर बुरशीचे धागे एकदा आतून पसरले की फडक्याने जात नाहीत.