झुडपातले चार दिवस: शिकारी कुत्री आणि गोचीड

शिकारीच्या फेरीवरून परत येऊन आज तीन आठवडे झाले. वृत्तांत मुद्दाम उशिरा लिहितोय, कारण गोचिडांच्या बाबतीत फेरी घरी पोहोचल्यावर संपत नाही. माझ्या कुत्रीच्या, झिपरीच्या, रक्ताचा दुसरा रिपोर्ट काल आला आणि तेव्हा कुठे जरा जीव भांड्यात पडला.

सोबत दोन कुत्री होती. मोत्या आखूड केसांचा पॉइंटर. झिपरी स्पॅनियल: लांब कान, छातीला आणि पायांना केसांची झालर. परवान्याचा हंगाम होता, तित्तिर-लाव्यांसाठी निघालो होतो. जमीन तशीच निवडलेली: जंगलाच्या कडेचं कमरेएवढं गवत, मधून जाणारा ओढा, पलीकडे काटेरी झुडपांची टेकडी. पक्षी जिथे लपतात तिथेच गोचिडांचं राज्य असतं, आणि शिकारी कुत्रा नेमका तिथेच नाक खुपसतो.

आधी तयारीचं सांगतो, कारण चूक तिथेच झाली. मोत्याला आठवडाभर आधी गोचीड मारणारी चघळायची गोळी दिली होती, भरल्या पोटी. झिपरीला ती चालत नाही. तिला लहानपणी दोनदा फिट आली होती आणि या गटातल्या औषधांनी (फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर वगैरे) काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये तशी सूचनाच काढली होती. म्हणून तिच्यासाठी फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड या औषधांचा गळ्यातला पट्टा घेतला. पण बांधला कधी, तर निघायच्या दिवशी सकाळी. पट्ट्यातलं औषध त्वचेच्या तेलकट थरातून हळूहळू अंगभर पसरतं, नव्या गोचिडांना अडवायला त्याला दोन दिवस लागतात. शिवाय मानेवरचे दाट केस बाजूला न करता वरूनच बांधला. औषध त्वचेला टेकायला हवं, केसांना नव्हे. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा, आणि हे सगळं निघण्याच्या निदान तीन-चार दिवस आधी करा.

मानेवर सोडायचं औषध वापरणार असाल तर त्याच्या आगेमागे दोन दिवस शाम्पूने आंघोळ घालू नका. आणि घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं औषध कुत्र्याला लावण्याआधी दहा वेळा विचार करा. मांजराला ते विष आहे, जीव जातो.

पहिल्या दिवशी मी एक जुना पांढरा पंचा गवतावरून पन्नासेक पावलं ओढत नेला. कुठे किती गोचीड आहेत ते कळायला याहून सोपा उपाय नाही. मोकळ्या माळावर पंचा जवळजवळ कोरा निघाला. जंगल आणि गवत जिथे भेटतात त्या पट्ट्यात आणि जनावरांच्या पायवाटेवर मात्र त्यावर तिळाएवढे ठिपके चालताना दिसले. एक गवताच्या पात्यावर सापडला, तो मी बराच वेळ बघत बसलो. मागचे पाय पात्याला घट्ट रोवलेले, पुढचे दोन हवेत पसरलेले. मी जवळ वाकून श्वास सोडला तसे ते पाय हलायला लागले. पुढच्या पायांच्या टोकाशी वास आणि ऊब ओळखणारं इंद्रिय असतं, आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही त्याला कळतो. गोचीड उडी मारत नाही, उडत नाही, झाडावरून टपकतही नाही. तो वाट बघतो आणि घासून जाणाऱ्याला धरतो. म्हणून विश्रांतीची जागा नीट निवडा. दुपारी आम्ही गर्द सावलीत पालापाचोळ्यावर कुत्री बसवली. हरणं बसून गेल्याच्या खुणा तिथे स्पष्ट होत्या, तरी लक्षात आलं नाही. त्या अर्ध्या तासात जेवढे लागले तेवढे सकाळभरात लागले नव्हते. सावली हवीच, पण खडकाची किंवा मुरमाड जमिनीची.

त्या संध्याकाळी डोक्याला दिवा बांधून तपासायला बसलो. मोत्यावर सहा, झिपरीवर तेवीस. मोत्याच्या सहापैकी चार मेलेले किंवा लुळे पडलेले. गोळी गोचिडाला दूर ठेवत नाही, तो चावल्यावर मारते. त्यामुळे गोळी दिलेल्या कुत्र्यावर गोचीड दिसला म्हणजे औषध फुकट गेलं असं समजू नका, आणि गोळी दिली म्हणून तपासणी सोडू नका.

माझं तपासून झालं असं वाटत असताना सोबतचे काका म्हणाले, "अहो, पायाची बोटं फाकवून बघितलीत का?" बघितली नव्हती. पुढच्या दोन पंजांत मिळून पाच निघाले. त्यानंतर क्रमच ठरवला: कानाच्या आत, पापण्या, ओठांची कड, पट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीखाली, बोटांच्या बेचक्या. डोळ्यांपेक्षा बोटांच्या पेरांवर विश्वास ठेवा. केसांच्या उलट दिशेने हात फिरवला की बारीक खडा लागल्यासारखं वाटतं. झालरीतून बारीक दातांची फणी फिरवा.

काढायला टोकदार चिमटा हवा. त्वचेला अगदी लागून तोंडाजवळ पकडायचं आणि सावकाश, सरळ वर ओढायचं, हिसका न देता. पोट दाबायचं नाही. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काहीही नको. गोचीड डिवचला गेला की पोटातलं आणि तोंडातलं जखमेत सोडण्याचा धोका वाढतो. काढलेला नखाने चिरडू नका, अल्कोहोलच्या बाटलीत टाका. कुत्र्याला तर तो चावून खाऊ देऊच नका. हेपॅटोझून नावाचा परजीवी कुत्र्याच्या अंगात शिरतो तो गोचीड चावल्याने नाही, गिळल्याने.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गटाने रानडुक्कर मारलं आणि गाडीत आमच्या पिंजऱ्यांशेजारी टाकायला निघाले. नाही म्हणालो, थोडी कुरबुर झाली. पण जनावर थंड पडायला लागलं की त्याच्यावरचे गोचीड उतरून नवं ऊबदार अंग शोधतात. शिकार आणि कुत्री वेगवेगळ्या गाडीतच असावीत. ते शक्य नसेल तर निदान मध्ये बंद आडोसा हवा.

घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर दहा मिनिटं. नुसत्या साध्या पाण्याच्या धुण्याने गोचीड मरत नाहीत. पिंजऱ्यातली अंथरुणंही तशीच. तपकिरी गोचीड भिंतीच्या आणि फळ्यांच्या फटीत अंडी घालतो, एकेक मादी हजारांनी. अशी एक मादी आत आली की पुढचं वर्षभर घरातच लढत बसायचं.

परत आल्यानंतर पाचव्या दिवशी झिपरीच्या कानावर हरभऱ्याएवढा फुगलेला एक सापडला. कुत्र्याच्या कानाच्या बाहेरच्या कडेला, खाली, कातडीची एक छोटी दुहेरी घडी असते. रोज कान बघत होतो, ती घडी उलगडत नव्हतो.

बाराव्या दिवशी तिने खाण्याकडे पाठ फिरवली. अंग तापलेलं, हिरड्या फिकट, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे डाग. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, गोचिडांच्या फेरीवर होतो हे पहिल्या वाक्यातच सांगितलं. प्लेटलेट खूप खाली आल्या होत्या, तपासणीत एर्लिकिया, म्हणजे गोचिडांतून येणारा एक जंतू, निघाला. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक 28 दिवसांचं, त्यातले नऊ दिवस झालेत. कालच्या रिपोर्टात प्लेटलेट वर चढताना दिसल्या आणि आज सकाळी तिने स्वतःहून चेंडू आणून दिला. बरं दिसतंय म्हणून गोळ्या मध्येच थांबवणार नाही, तुम्हीही थांबवू नका. लघवी गडद तांबूस झाली तर बॅबेसिया, म्हणजे गोचिडांतूनच येणारा रक्तातला परजीवी, असू शकतो. त्याचं औषध वेगळं, तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट न बघता कुत्र्याला न्या.

कानातल्या त्या एकानेच आजार दिला की तेवीसांतल्या कुणी, हे कळायला मार्ग नाही. लाइम या गोचिडांतून होणाऱ्या दुसऱ्या आजाराच्या जंतूंना कुत्र्याच्या अंगात उतरायला साधारण दिवसभर लागतो, एर्लिकियाला काही तास पुरतात. मी रोज संध्याकाळी एकदाच तपासत होतो, ते तिच्यासाठी उशिराचं होतं. दर थांब्याला दोन मिनिटं द्यायला हवी होती, पाणी पाजताना कान, काखा आणि बोटं एवढं तरी.

मोत्या ठणठणीत आहे, पण त्याचंही रक्त पुढच्या आठवड्यात तपासून घेणार. पुढची फेरी दीड महिन्यावर आहे. झिपरी येईल की नाही ते डॉक्टर सांगतील. आलीच तर कानांची आणि पायांची झालर आठ दिवस आधी कापायची, आणि त्याच दिवशी मानेवरचे केस बाजूला करून पट्टा त्वचेला टेकतोय ना ते बघायचं.