मॉट स्ट्रीटवरची मिस्सा

रविवार, रात्री

आज मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमध्ये, मॉट स्ट्रीटवरच्या ट्रान्सफिगरेशन चर्चमध्ये चिनी नववर्षाची मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) झाली. नंतर वेदीपुढे टेबल मांडलं. त्यावर पूर्वजांच्या नावाचा लाल फलक, संत्री, फुलं. फादरांनी उदबत्त्या लावल्या आणि सगळ्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला.

वसईत २ नोव्हेंबरला आम्हीही कबरी सजवतो, मेणबत्त्या लावतो. मला यात काहीच वावगं वाटलं नाही. पण याच नमस्कारावर रोमने, म्हणजे पोपने, १७४२ साली कायमची बंदी घातली होती, ती उठायला १९३९ उजाडलं! आपल्या मेलेल्या माणसांना विसरा आणि मग देवळात या, असं सांगितल्यावर कोण येणार?

हे चर्च तरी कुठे पहिल्यापासून मोठ्या मनाचं होतं? इमारत १८०१ ची, मूळची लुथरन या प्रोटेस्टंट पंथाची. १८५३ मध्ये कॅथलिकांनी ती विकत घेतली. धर्मग्राम, म्हणजे इथल्या भाविकांचा समुदाय, त्याआधीच उभा केला होता फेलिक्स वारेला या क्युबन धर्मगुरूने. स्पेनच्या राजाने देहदंड ठोठावल्यामुळे तो परागंदा होऊन इथे आला होता. लोक बहुतेक आयरिश. पुढे इटालियन आले, तर त्याच आयरिश मंडळींनी त्यांची मिस्सा तळघरात ढकलली. काल उपाशी असलेला आज पंगतीत वाढताना हात आखडतो, तसलाच प्रकार. मग इटालियन वर आले. चिनी मजुरांना तर १८८२ च्या कायद्याने देशाचंच दार बंद होतं. ते १९४३ मध्ये किलकिलं झालं, तेही वर्षाला १०५ माणसांपुरतं. खरी रीघ लागली १९६५ नंतर. आता मिस्सा इंग्रजी, कँटोनीज आणि मँडरिनमध्ये होते.

खाली हॉलमध्ये चहा होता. कोपऱ्यात चीनच्या फुजियान प्रांतातला एक माणूस घरमालकाचं पत्र घेऊन बसला होता. दहाएक वर्षांची त्याची मुलगी वाचून सांगत होती. ती अडली की शेजारची निवृत्त शिक्षिका शब्द पुरवायची, पण पत्र हातात घ्यायची नाही. शेवटी उत्तराचा कागदही मुलीनेच लिहिला, बापाने सही केली आणि बाईंनी त्याची प्रत काढून फाइलला लावली. बाप वर मिस्सेला नव्हता. तो बाप्तिस्मा घेतलेला नाही, हे बाईंनी मला सहज सांगितलं, त्यात तक्रार नव्हती.

गावाकडे कुणी म्हणेल, धर्मांतराचं आमिष आहे हे. असेलही कुणाच्या मनात. पण भाड्याच्या पत्राला उत्तर द्यायला माणूस लागतो, आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो इथे भेटतो. बाईंनी मलाही धरलं: नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घ्यायला माणसं कमी पडताहेत, प्रश्न विचारायला येशील का? हो म्हटलंय. आधी ते १२८ प्रश्न मलाच पाठ करावे लागणार.