सगळं धरून

आमच्याकडे कोणताही व्यवहार ठरताना शेवटचा प्रश्न एकच असतो. घर रंगवणारा असो, मंडपवाला असो किंवा वास्तुशांतीच्या जेवणाचा आचारी असो, त्याने सांगितलेला आकडा चेहऱ्यावर काहीही न दाखवता ऐकून घ्यायचा आणि मग विचारायचे, ‘सगळं धरून ना?’ वाढप्यांचे वेगळे, भांडी घासणाऱ्या बायकांचे वेगळे, टेम्पोचे वेगळे, असे मागाहून काही निघणार नाही याची ती खातरजमा असते. त्यामुळे गोव्यातल्या रिसॉर्टच्या माणसाने फोनवर ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ म्हटले तेव्हा मला त्यात परके काही वाटले नाही. मी सवयीने विचारले, ‘म्हणजे सगळं धरून?’ तोही पलीकडून स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘होय मॅडम, सगळं धरून. चहासुद्धा.’

माझ्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून असते, आणि ती आईच्या नव्हे तर शाळेत नाव घालून घेणाऱ्या गुरुजींच्या सोयीने ठरलेली असते. त्या हिशेबाने मी ३१ मे रोजी बँकेतल्या कॅशियरच्या खिडकीमागून कायमची उठले आणि हाती आलेल्या रकमेचा एक लहानसा तुकडा मोडून दोघांसाठी चार रात्रींचे आरक्षण केले. जूनमध्ये गोव्याचे दर उतरतात हे त्यामागचे कारण होते; निवृत्ती हे निमित्त. रात्री मिरजेला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलो, कॅसलरॉकनंतरचा घाट आणि दूधसागर अंधारातच मागे पडले, आणि पहाटे मडगावला उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबून पुन्हा सुरू होण्याच्या विचारात होता.

वाटेत टॅक्सीवाल्याने होली स्पिरिट चर्चसमोरची जागा दाखवली आणि सांगितले की पावसाच्या तोंडावर इथे पुरुमेंताचे फेस्त भरते. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, आमसुले, खारवलेल्या कैऱ्या, असे सगळे त्या दिवसांत लोक भरून नेतात, म्हणजे पुढचे काही महिने बाजारात काही मिळो न मिळो, घरातल्या कोणाच्या ताटात काही कमी पडत नाही. शब्द पोर्तुगीज वळणाचा असला तरी मला त्यात आमच्या गच्चीवरच्या कुरडया, पापड आणि त्यांच्या राखणीला काठी घेऊन बसवलेले पोर दिसले. घर म्हणजे ‘सगळं धरून’ चालणारीच गोष्ट. फक्त ते सगळे कोणीतरी मे महिन्याच्या उन्हात उभे राहून आधी धरावे लागते.

रिसॉर्ट बाणावली आणि वार्का यांच्या मधे कुठेतरी होते. स्वागताला कोकम सरबत आले आणि पाठोपाठ मनगटावर बांधायचा निळा पट्टा आला. हा पट्टा दिसायला कागदासारखा, पण ओढला तर फाटत नाही आणि एकदा टिचकी बसली की निघत नाही. जाताना तो कापावाच लागतो. काउंटरवरच्या मुलाने माझा डावा हात मागितला. त्या हातात घड्याळ, दोन पाटल्या आणि निरोपसमारंभासाठी मैत्रिणींनी हौसेने भरायला लावलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या. मुलाने पट्टा आधी बांगड्यांच्या खाली घालून पाहिला, मग पाटल्यांच्या मधे, आणि शेवटी सगळ्यांच्या वर कोपराच्या बाजूला बसवून दिला. परिणामी पुढचे चार दिवस कोणीही पट्टा पाहायला मागितला की मला बाह्या सरसावून भांडायला निघाल्यासारखा हात वर करावा लागे.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९५० साली जेरार ब्लित्झ या बेल्जियन गृहस्थांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे तंबू ठोकून सुट्टीची एक वसाहत उभी केली आणि क्लब मेडिटेरनीचा आरंभ केला. राहणे, जेवणे, खेळणे यांचे पैसे आधीच घेतलेले. हेतू असा की निदान सुट्टीत तरी माणसाचा हात खिशाकडे जाऊ नये. पुढे त्यांच्याकडे बारमधल्या पेयांसाठी नाण्यांच्या ऐवजी मणी चालू लागले आणि पाहुणे ते माळेसारखे अंगावर घालून हिंडू लागले. गळ्यातला एकेक मणी सोडवून बारच्या काउंटरवर ठेवायचा, हे चित्र आमच्या आजेसासूबाईंना दाखवण्यासारखे नव्हते. तेव्हा मण्यांचा पट्टा झाला ते बरेच झाले.

जेवणघरात मात्र मला त्या पट्ट्याचा खरा अर्थ कळला. आपल्या पंगतीत आग्रह करणारा माणूस समोर उभा असतो, आणि म्हणूनच नाही म्हणता येते. ताटावर आडवा हात धरला, ‘अहो, पुरे, अगदी गळ्याशी आलंय’ म्हटले, म्हणजे जिलेबीचे ताट पुढच्या पानाकडे सरकते. बुफेपाशी आग्रहाला कोणीच नसते. तिथे आग्रह करतात ते आपण आधी भरलेले पैसे, आणि त्यांच्यापुढे आडवा हात चालत नाही. पहिल्या रात्री माझ्या ताटात शाकुती, खतखते, पास्ता, एक इडली आणि वाटीभर सूप अशी मंडळी एकत्र आली, जी एरवी एकमेकांच्या उंबऱ्यालाही गेली नसती. त्यातही मांडणी करणाऱ्याचे कौतुक करावेसे वाटले. पाव, सॅलड, सूप, नूडल्स हे पोट भरणारे स्वस्त पदार्थ दाराशी होते आणि कोळंबी अगदी टोकाला, तीसुद्धा एका मुलाच्या हातातल्या पळीच्या ताब्यात. आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाला दुसऱ्याचे मोजणे लगेच ओळखू येते.

बाकी गणित सरळ आहे. जो कमी खातो तो जास्त खाणाऱ्याचे भरतो आणि सरासरी मालकाच्या बाजूला राहते. विम्याचे तरी दुसरे काय असते? आम्ही दोघेही दारू घेत नाही, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या चार तरुणांची फेणी निम्मीअधिक आमच्या भविष्यनिर्वाह निधीतून चालली होती. (काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा पैसे निदान मान्यताप्राप्त ठिकाणी गेले.) खानावळीत गावाला गेलेल्या माणसाला खाडा तरी धरतात. इथे खाडा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पोटाला विश्रांती म्हणून जेवले नाही, तर ते जेवण वाया गेल्याची चुटपुट संध्याकाळपर्यंत पोटापेक्षा जड झाली होती.

माझे यजमान पाटबंधारे खात्यातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांना असले काहीच झाले नाही. ते पहिल्या सकाळी उठले, खिडकीशी बसले, चहा आला, तो त्यांनी घेतला आणि कप जिथे होता तिथेच राहू दिला. नाश्त्याला गेले, हवे तेवढेच खाल्ले, उठले. बिलाचा विचार नाही, ताटाचा नाही, उरलेल्याचा नाही. किती मोकळेपणाने वावरताहेत हे, असे मी आधी कौतुकाने आणि नंतर जरा बारकाईने पाहत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आले की त्यांना इथे नवीन असे काही नाहीच. गेली ३४ वर्षे ते याच योजनेत राहत आहेत. आमच्या भाषेत नवऱ्याला यजमान म्हणतात ही तिची एक गंमतच. घरात पाहुणा म्हणून कोणी राहत असेल तर तेच. मी हे त्यांना बोलून दाखवले तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, ‘मग तिकडची कोळंबी जास्त चांगली असते.’ या उत्तरावर रागवावे की नाही हे मी अजून ठरवलेले नाही.

माझी अडचण निराळी होती. हात रिकामे राहत नव्हते. खोली आवरायला कोणी येणार हे माहीत असूनही मी सकाळी पांघरुणांच्या घड्या घालून ठेवी, कप विसळून पालथे घाली, न्हाणीघरातला ओला टॉवेल पिळून वाळत टाकी. आवरायला येणारी मुलगी दोडामार्गाकडची होती. पहिल्या दिवशी तिने घड्या पाहिल्या आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती दारातच थांबून म्हणाली, ‘काकी, तुमी ह्यां सगळां केलात तर मी काय करू?’ तिने माझ्या घड्या मोडल्या, चादर झटकून पुन्हा ताणून घातली आणि टॉवेलांचे दोन हंस करून पलंगावर चोचीला चोच लावून ठेवले. आमच्या वयाच्या जोडप्यासाठी ते जरा जास्तच होते, पण तिच्या हातातली सफाई पाहण्यासारखी होती. तिला घरी कोण चहा देते, असे विचारावेसे वाटले, विचारले नाही.

रात्री गोडात बेबिंका असे. नारळाचे दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, मैदा, तूप आणि जायफळ एवढेच जिन्नस, पण एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. पूर्वी भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचा विस्तव ठेवून वरून आच देत. सात थर म्हणजे सात वेळा झाकण काढायचे, तूप सोडायचे, ओतायचे, झाकायचे आणि तिथून हलायचे नाही. बुफेवर तिचे बोटभर जाडीचे चौकोन कापून ठेवलेले असत आणि लोक येता जाता दोन दोन उचलत, एक चाखून दुसरा ताटात टाकून उठत. मी माझ्या तुकड्याचे थर काट्याने एकेक सोडवून मोजत खाल्ले. यजमान म्हणाले, ‘काय शोधतेयस?’ मी म्हटले, ‘काही नाही, टॅली करतेय.’

‘सगळं धरून’मध्ये जे धरलेले नव्हते ते म्हणजे समुद्र. जूनमध्ये किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि गुडघाभर पाण्यात गेले तरी जीवरक्षक शिट्टी मारून माघारी बोलावतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असल्यामुळे पाण्यावर नजर ठरायला एक होडीही नव्हती. तांबूस मातकट लाटा एकीमागून एक येत होत्या आणि आम्ही पायऱ्यांवर छत्री धरून त्या पाहत बसलो होतो. मला तो समुद्र फार आवडला. त्याने काही वाढून ठेवलेले नव्हते.

२४ जूनला सांजांव होता. गावात त्या दिवशी लोक डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात आणि नव्या जावयाचे विशेष कौतुक होते. रिसॉर्टमध्ये विहिरीचे काम पोहण्याच्या तलावावर भागवले होते. उडी मारायला यजमान तयार झाले नाहीत, पण कोपेल मात्र त्यांनी दिवसभर उतरवले नाही. जावईपण त्यांना शोभतेच.

शेवटच्या सकाळी काउंटरवर बिल आले. तळाशी शून्य असेल म्हणून यजमान सही करायला निघाले होते, पण मी सवयीने ओळींवरून बोट फिरवले आणि शून्याच्या जागी ३१० रुपये निघाले. मी विचारले, हे कसले? मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘सरांनी दोन शर्ट आणि एक पँट धुवायला दिली होती. धुणं त्यात धरलेलं नसतं.’ यजमानांच्या चेहऱ्यावर मी इतके निर्मळ आश्चर्य क्वचितच पाहिले आहे. ‘धुणं नसतं?’ ते पुन्हा म्हणाले. मी ३१० रुपये सुटे काढून दिले. त्या चार दिवसांत पाकीट तेवढे एकदाच उघडले, आणि खरे सांगायचे तर बरे वाटले.

मुलाने माझा पट्टा कात्रीने कापला. यजमानांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, ‘माझा राहू दे, घरी काढू.’ मडगावपासून मिरजेपर्यंत तो पट्टा त्यांच्या मनगटावर होता. घरी पोहोचल्यावर ते नेहमीच्या खुर्चीत बसले, वर्तमानपत्राचे साचलेले गठ्ठे मांडीवर घेतले आणि ‘चहा’ एवढेच म्हणाले. ते विचारणे होते की सांगणे, हे आवाजावरून कळले नाही. मी ओट्यावरची दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेऊन बाहेर आले आणि म्हटले, ‘अहो, आधी हात पुढे करा.’