काकाचा 'ताता'

आपल्या वेळी बोबडं बोलणाऱ्या मुलासाठी घरी वेखंड होतं आणि वर्गात 'नीट बोल रे'. तिसरा उपाय कुणाला ठाऊक नव्हता. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी 'तुम्ही तिकडे नेमकं काय करता ते लिहा' असं बाईंनी कळवलं, म्हणून त्या तिसऱ्या उपायाबद्दल: स्पीच थेरपी, म्हणजे उच्चार आणि बोलणं सुधारायचे उपचार. इथे कॅलिफोर्नियात मी तेच करतो.

कॅलिफोर्नियात 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी, बिनफीची शाळा. आपल्याकडे पाटीवर लिहितात ते नव्हे. तिथे स्पीच थेरपिस्ट शाळेतच असतो, कारण १९७५च्या केंद्रीय कायद्याने ही मदत शाळेनेच मोफत द्यायची आहे. पालकांची लेखी संमती आली की ६० दिवसांत तपासणी आणि बैठक दोन्ही उरकायची. दर थेरपिस्टमागे सरासरी ५५ मुलांच्या वर जाऊ नये, असा राज्याचा नियम. त्यामुळे एकेकाच्या वाट्याला आठवड्यातून एकदोनदा वीस-तीस मिनिटं येतात, तीही बहुधा तिघाचौघांच्या गटात.

मराठी घरातलं मूल आलं की आधी ठरवायचं, हा दोष आहे की मराठी वळण? 'थिंक'चा थ आपल्या थाळीतल्या थसारखा काढला, 'व्हाइन' आणि 'वाइन' एकसारखे म्हटले, तर ते वळण. त्यावर उपचार करत नाहीत. पण तेच मूल इंग्रजीत 'कार'ला 'टार' आणि घरी काकाला 'ताता' म्हणत असेल, तर दोन्हीकडे खोड एकच: जिभेचा मागचा भाग उचलायच्या जागी टोक उचललं जातंय. तीन वर्षांच्या मुलाचं हे चालतं, पाच वर्षांच्या मुलाला थेरपी लागते. यावर 'घरी मराठी बंद करा' हा सल्ला अजून ऐकू येतो. त्याने क येत नाही, आजीशी बोलणं तेवढं तुटतं.

वाक्यरचनेचाच संशय असेल तर काम वाढतं. इंग्रजी चाचण्यांचे आकडे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर बेतलेले, ते इथे लावता येत नाहीत. मग मुलाला मराठीत बोलतं करून निदान ५० वाक्यं जशीच्या तशी टिपायची. थेरपिस्टला मराठी येत नसेल तर घोळ होतो तो दुभाष्याकडून. मूल म्हणतं, 'आई आला, खाऊ दिला.' दुभाषी सवयीने इंग्रजीत शुद्ध वाक्य सांगतो आणि पकडायची नेमकी तीच चूक भाषांतरात धुऊन निघते. म्हणून आधीच बजावायचं: बोललं तसं लिहा. आईवडिलांना दुभाषी करू नये, ते लेकराचं अर्धं वाक्य स्वतःच पुरं करतात.

आता क आणायचा कसा? कानांची तपासणी आधी. 'काप' आणि 'ताप' यांतला फरकच ऐकू येत नसेल तर जिभेवरची मेहनत फुकट. मग लाकडी पट्टीने जिभेचं टोक खालच्या दातांमागे हलकेच दाबून ठेवायचं आणि 'क' म्हणायला लावायचं. पट्टी टोकावरच हवी. मागे सरकली की उबळ येते, आणि मूल पुन्हा पट्टीला तोंड उघडत नाही. पाठीवर निजवलं तरी जीभ आपसूक मागे पडते. नुसता क दहात आठ-नऊ वेळा आला की का, की, कू. आपली बाराखडी इथे आयती कामाला येते. त्याआधीच शब्द घेतले की चुकीचाच उच्चार घोटला जातो.

पुढे चित्रांच्या जोड्या. इंग्रजीत किल्ली म्हणजे 'की' आणि चहा म्हणजे 'टी'. मुलाने किल्ली मागताना 'टी' म्हटलं की चहाचं चित्र हातात ठेवायचं, चेहरा साधा ठेवून. 'चूक' म्हणण्यापेक्षा हे लवकर उमगतं.

खोलीत क पक्का झालेलं मूल मैदानावर पुन्हा 'टम ऑन' ओरडतं. बोलण्याच्या भरात लक्ष जिभेवर नसतं, खेळावर असतं. त्यासाठी वर्गशिक्षिकेशी एक खूण ठरवतो, कानाला बोट. तीही रोजच्या वाचनाच्या पाच मिनिटांपुरती. दिवसभर टोकलं की मूल गप्प बसतं.

काप-ताप, काळी-टाळी, कार-तार या जोड्यांचा संच बालवाडीसाठी बाईंकडे पाठवला आहे. खेळण्याआधी प्रत्येक चित्राचं नाव मुलाकडून म्हणवून घ्या. आंब्याच्या कापाला निम्मी मुलं 'फोड' म्हणतात, आणि सगळा खेळ तिथेच फसतो.