शिडाच्या बोटीला नवं इंजिन कशाला?

बोट शिडाची, मग इंजिनावर एवढा खर्च कशाला? पुण्याहून फोन आला की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आमची ३० फुटी बोट मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागरात असते. जुलै-ऑगस्टात इथला वारा असा पडतो की शीड नुसतं लोंबत राहतं. शिवाय ॲनापोलिसला स्पा क्रीकवरचा उघडझाप करणारा पूल, मरिनातली अरुंद जागा. इंजिनाशिवाय निभत नाही.

जुनं इंजिन अ‍ॅटॉमिक-फोर, ३० हॉर्सपॉवरचं, पेट्रोलवर चालणारं. जुन्या अमेरिकी शिडाच्या बोटींत ते सर्रास असायचं. गुणी इंजिन, आवाजही मऊ. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीवर भडकते. म्हणून स्टार्टर मारण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, लावायचा, मग वाकून वास घ्यायचा. त्यात बायकोचं नाक भलतंच तिखट. ‘मुलांना घेऊन मी या बोटीवर येणार नाही,’ म्हणाली, आणि डिझेल ठरलं. कुबोटाच्या ब्लॉकवर बांधलेलं बीटा कंपनीचं इंजिन घेतलं.

पैसे इंजिनापेक्षा त्याच्या गोतावळ्यात जातात. डिझेल वापरून उरलं की टाकीत परत जातं, म्हणजे परतीची नळी आली. एक्झॉस्टचा होज जाड हवा. जुनं धूड बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला, टांगून जिन्यातून वर काढलं, तेव्हा बूमला मेन हॅल्यार्डचा, म्हणजे मोठं शीड वर चढवायच्या दोराचा, आधार द्यावा लागला.

सगळ्यात किचकट काम शाफ्टचं, म्हणजे इंजिनापासून प्रॉपेलरपर्यंत जाणाऱ्या दांड्याचं. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजायची. चार इंची तबकडीला फार तर चार थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक चालतो. शेवटची मोजणी बोट पाण्यात उतरवल्यावरच करायची, कारण जमिनीवर टेकू लावलेल्या बोटीचा आकार पाण्यात किंचित बदलतो. मेकॅनिक इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटचा नट पाव आटा फिरवायचा, पुन्हा गेज घालायचा. इथे घाई केली की शाफ्टला प्रॉपेलरजवळ आधार देणारं कटलेस बेअरिंग लवकर झिजतं.

आणि प्रॉपेलर! अ‍ॅटॉमिक-फोरचा डावा, म्हणजे मागून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरणारा; या डिझेलला उजवा लागतो. रिव्हर्स टाकला की बोटीचा मागचा भाग पूर्वी उजवीकडे ओढला जायचा, आता डावीकडे जातो. हात मात्र जुन्याच सवयीने चालतात. शेजारच्या बोटवाल्याने आमच्या बाजूला धक्का झेलायला जादा फेंडर लटकवलेत.