तळं हा आपला दहावा गडी

(माजी विद्यार्थी, दहावी, मार्च १९९३)

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं त्या दिवशी मी जत-सांगोल्याकडच्या एका कालव्यावर होतो. घरून बायकोने फोनवर पत्र वाचून दाखवलं. 'शाळेने आपल्याला काय दिले, याविषयी पाचशे शब्दांत लिहावे.' शाळेने खूप दिलं. इंग्रजीचं व्याकरण दिलं, बाकावरचे मित्र दिले, दर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर खडकी बाजारातली गरम भजी दिली. पण मी लिहायला बसलो की सरांशिवाय दुसरं काही येतच नाही, आणि पाचशे शब्दांतही मावत नाही. समितीने सांभाळून घ्यावं.

सरांचं नाव लिहीत नाही. मैदानावरच्या सत्कारात स्वतःचं नाव पुकारलेलंही त्यांना आवडायचं नाही, मग छापलेलं कसं आवडेल? आपल्या शाळेत 'सर' म्हटलं की एकच. बाकीच्यांना गणिताचे सर, चित्रकलेचे सर असं म्हणावं लागायचं.

मला सांगायची आहे ती सरांच्या हॉकी संघाची, १९९२ च्या भाद्रपदातली गोष्ट. त्या वर्षी आपल्या खडकीचे धनराज पिल्ले बार्सिलोनाचं ऑलिम्पिक खेळून आले होते. भारत सातवा आला म्हणून पेपरवाले नाराज होते, पण आमच्या गल्लीत तसं काही नव्हतं. ज्या रस्त्याने आम्ही पावाला जायचो त्याच रस्त्याने वाढलेला मुलगा ऑलिम्पिकला खेळला, एवढं आम्हाला वर्षभर पुरलं. ते लहानपणी तुटक्या स्टिका दोरीने बांधून खेळले हे आज सगळ्यांना माहीत आहे. आमच्या स्टिकाही तशाच होत्या. शुक्रवारी संध्याकाळी सर जिमखान्याच्या खोलीत सुतळी आणि सरस घेऊन बसायचे आणि एकेक स्टिक गुडघ्यात धरून बांधायचे. सुतळीचा प्रत्येक वेढा अंगठ्याने दाबून मगच पुढचा घ्यायचे. त्या खोलीतला सरसाचा वास मला आजही येतो.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत पोचलो होतो. बाद फेरी, म्हणजे हरलं की घरी. समोर कॅम्पातली एक तगडी शाळा. त्यांच्याकडे दोन संघ होतील एवढी मुलं आणि सगळ्यांच्या पायात सारखे बूट. आमचा संघ तेरा जणांचा. त्या आठवड्यात पुण्यात डोळ्यांची साथ आली. सोमवारी आमच्या कॅप्टनचे डोळे आले, बुधवारी राइट हाफचे, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी गोलकीपरचे. चौथा गडी गौरी-गणपतीला एस.टी.ने चिपळूणला गेलेला, तो परत येणं शक्यच नव्हतं. उरलो नऊ.

गोलकीपर शुक्रवारी काळा गॉगल लावून मैदानावर आला. 'सर, मला दिसतंय, मी खेळतो,' म्हणाला. सरांनी त्याला हात न लावता लांबूनच गॉगल काढायला सांगितला. डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. सर म्हणाले, "बाळा, बॉल साडेपाच औंसाचा असतो, आणि तू त्याच्यासमोर उभा राहणार. घरी जा. अम्माला सांग, गुलाबपाणी नको, डॉक्टरकडे जायचं." पावसाची भुरभुर चालू होती म्हणून स्वतःची छत्री त्याला दिली आणि सांगितलं, ती धुतल्याशिवाय परत आणायची नाही.

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी सुचवलं की गेल्या वर्षी दहावी होऊन गेलेली दोन मुलं उभी करा, कोण बघतंय? सरांचं उत्तर मी दाराबाहेर उभं राहून ऐकलं. "नऊ आहेत. नऊ खेळतील." आवाज चढला नव्हता. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मी लेफ्ट बॅक, म्हणजे बचावातला. जन्मात कधी गोलकीपरचे पॅड बांधले नव्हते. सर बाहेर आले आणि म्हणाले, "उद्या तू गोलमध्ये. सकाळी सहाला सायकल घेऊन ये." सामना साडेदहाचा होता. सहाला कशाला, हे विचारायची पद्धत नव्हती.

रात्रभर पाऊस होता. पहाटे तो थांबला तेव्हा आम्ही दोघे निघालो. सर पुढे, मी मागे, माझ्या हँडलला पॅड लटकवलेले. वाकडेवाडी, मग संगम पूल, मग स्टेशन. वाटेत सर एक शब्द बोलले नाहीत. मैदानावर माळीबाबांशिवाय कुणी नव्हतं, फक्की मारायचीही बाकी होती. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खिशातून बॉल काढला आणि एका टोकापासून चालायला लागले. दहा पावलं चालायचे, बॉल ढकलायचे, तो कुठे थांबतो बघायचे. पुन्हा दहा पावलं. दोन्ही साइडलाइनला मुरूम पक्का होता, बॉल सुसाट जात होता. मधोमधही बरा. पण पूर्वेकडच्या गोलसमोर, डीच्या, म्हणजे गोलभोवतीच्या अर्धवर्तुळाच्या, तोंडाशी, पाण्याचं एक पसरट तळं साचलं होतं. चार बोटंच पाणी, पण बॉल तिथे शिरला की आईच्या कुशीत गेल्यासारखा थांबायचा. सरांनी तो तिथे दहा-बारा वेळा तरी ढकलला. वेगवेगळ्या बाजूंनी, हळू, जोरात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा आपला दहावा गडी."

आणि तिथेच ओल्या मातीत काडीने त्यांनी मला सगळं काढून दाखवलं. नेहमीची पाच फॉरवर्डची मांडणी नको. दोन बॅक, मधल्या फळीत चार हाफ, पुढे दोघेच. चार हाफपैकी दोन-दोन दोन्ही कडांना, कारण बॉल तिथूनच पळणार. मधून त्यांना येऊ द्यायचं, मधे तळं आहे. मी विचारलं, मग पहिल्यांदाच तळ्याकडचा गोल घ्यायचा ना? सर म्हणाले, "नाही. पहिल्या डावात तुमचे पाय ताजे असतील, तेव्हा कोरड्या बाजूला तुमचे तुम्ही सांभाळा. दुसऱ्या डावात नऊ जणांचे पाय जड होतील. तळं तेव्हा लागेल."

मी सोळा वर्षांचा होतो. एखादा माणूस एवढा पुढचा विचार करतो, तोही एका शालेय सामन्यासाठी, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढेही फार वेळा पाहिलं नाही.

आम्ही टॉस हरलो, पण त्यांनी बॉल मागितला, त्यामुळे बाजू आम्हाला निवडता आली. आमच्या व्हाइस कॅप्टनने सांगितल्याप्रमाणे पश्चिमेचा गोल घेतला. सामना सुरू व्हायच्या आधी सरांनी चिखलात गुडघा टेकून माझे पॅड बांधले. जुने, वेताच्या काड्या आणि कापूस भरलेले पॅड, पाणी पिऊन दुप्पट वजनाचे झालेले. बक्कल पायाच्या बाहेरच्या बाजूला आलं पाहिजे, नाहीतर दोन पाय जोडले की बक्कल बक्कलात अडकतं, हे सांगत सांगत त्यांनी प्रत्येक पट्टा एकेक भोक घट्ट केला. मग उभे राहून म्हणाले, "एकच सांगतो. माझ्याकडे बघायचं नाही. बॉलकडे बघायचं."

पहिला डाव शून्य-शून्य. कसा गेला ते सांगता येणार नाही, कारण मला बॉलशिवाय काही आठवत नाही. माझ्या पुढचे दोघे बॅक इतके धावले की मध्यंतरात एकाला उलटी झाली. सरांनी लिंबू कापून आणलं होतं, वर मीठ लावलेलं.

दुसऱ्या डावात तळं आमच्यासमोर आलं, आणि सरांचा शब्द न् शब्द खरा ठरला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड, वाऱ्यासारखा पोरगा, बॉल घेऊन सरळ यायचा. पाय पुढे जायचे, बॉल मागे राहायचा. आमचा बॅक शांतपणे जाऊन तो उचलल्यासारखा घ्यायचा. पेनल्टी कॉर्नर त्यांना तीन मिळाले. कॉर्नरला गोलरेषेवरून बॉल डीच्या तोंडाशी देतात. तेव्हा तो आधी पूर्ण थांबवावा लागायचा, मगच फटका. बॉल तळ्यातून पाणी उडवत यायचा आणि थांबवणाऱ्याच्या स्टिकवरून उडायचा. तिन्ही वाया गेले. बाहेर कॅम्पातल्या मुलांची टाळ्या वाजवायची लय हळूहळू मोडत गेली. आपण जिंकू शकतो, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

पण मध्यंतरानंतर ऊन पडलं होतं. भाद्रपदातलं, चटका देणारं. मुरूम पाणी धरून ठेवत नाही. मी गोलमध्ये उभा राहून तळं आटताना बघत होतो. आधी त्याच्या कडा आत आल्या, मग मधे मातीचं एक बेट वर आलं. सात मिनिटं उरली असताना त्यांना चौथा कॉर्नर मिळाला. त्यांनी तो उजव्या बाजूने घेतला, जिकडे जमीन सुकली होती.

मी सरांकडे पाहिलं.

का पाहिलं, माहीत नाही. कदाचित त्यांनाही तळं आटलेलं दिसतंय का, हे बघायचं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, ते बॉलकडे बघत होते. तेवढ्यात बॉल निघाला, थांबला, आणि पाठीमागच्या फळीवर 'खाड्' असा आवाज आला. ०-१. उरलेल्या सात मिनिटांत आमचे नऊच्या नऊ त्यांच्या अर्ध्यात होते, पण बॉल आत गेला नाही.

शिट्टी झाल्यावर सर आत आले आणि पुन्हा गुडघा टेकून त्यांनी माझे पट्टे सोडले. मी रडत होतो. म्हटलं, "सर, मी तुमच्याकडे बघितलं." ते म्हणाले, "बघितलंस ते मला दिसलं नाही. मी बॉलकडे बघत होतो." मग पॅड उचलून नळाखाली धरले आणि दोघांनी मिळून चिखल धुतला.

सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी संघाची नावं वाचली. तेरा वाचली. घरी डोळ्यांत औषध घालून झोपलेल्या तिघांची आणि चिपळूणच्याही मुलाचं. खाली उभ्या असलेल्या आम्हा नऊ जणांना तेव्हा कळलं की आम्ही कधीच नऊ नव्हतो.

मी पुढे स्थापत्य अभियंता झालो, जलसंपदा विभागात लागलो. सव्वीस वर्षं कालवे, त्यांचे फाटे म्हणजे चाऱ्या, आणि पाणी याच्यातच गेली. कामाच्या जागी ठेकेदार आणि साहेब यायच्या आधी दोन तास पोचतो आणि पायी फिरतो. पाणी कुठे थांबतं ते नकाशावर दिसत नाही, चालल्यावर दिसतं. दोन वर्षांपूर्वी एका पाणीवापर संस्थेच्या शेतकऱ्यांनी शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचवलं म्हणून माझा सत्कार केला. त्या भाषणात मी सरांचं नाव घेतलं. इथे घेत नाही, तिथे घेतलं, कारण तिथे त्यांना ते कळणार नव्हतं.

आता आपल्या शाळेचा हॉकी संघ नाही, हे लिहिताना हात जड होतो. सामन्याला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. हॉकी १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, गेलीच होती, ती आपल्याकडेही गेली. पिंपरीच्या नेहरूनगरला पोरं खेळताना बघतो, बॉल रेघ मारल्यासारखा जातो. चांगलंच आहे. पण मोठ्या टर्फवर सामन्याआधी सगळीकडे सारखं पाणी मारतात, आणि ते बघताना मला दर वेळी पहाटे पँट दुमडून चाललेले सर दिसतात. शाळेच्या मैदानावर नव्या इमारतीसमोर सिमेंटचे ब्लॉक बसले आहेत. मुलं वाढली, गाड्या वाढल्या, जागा लागते हे मला समजतं. तरी चिंचेजवळचा गोलपोस्ट तेवढा ठेवायला हवा होता.

जूनमध्ये समितीचं पत्र घेऊन मी सरांकडे गेलो. ते चिंचवडला मुलाकडे असतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, एका डोळ्याने फार कमी दिसतं. मी पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "चिंचेजवळच्या गोलपाशी अजून पाणी साचतं का रे?"

मला सांगता आलं नाही. ब्लॉक बसल्यापासून मी पावसात शाळेत गेलोच नव्हतो.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात रजा टाकून सकाळी सहाला गेलो. वॉचमनने ओळखलं नाही, पण आत सोडलं. बूट काढले, पँट दुमडली आणि चिंचेच्या बाजूने चालायला लागलो. ब्लॉक खचले आहेत, उतार चुकला आहे, आणि पाणी तिथेच आहे. चार बोटं. तिथूनच सरांना फोन लावला.

"साचतं सर," म्हटलं, "तिथंच साचतं."