अडलं तर कुणाला विचारता?

आज पीएचडीच्या डेटासाठी एका झेडपी शाळेत गेलेले. अकरा शिक्षक, फॉर्मवर मेन प्रश्न एकच, शिकवताना अडलं तर कुणाला विचारता, नावं लिहा. नावं म्हटल्यावर सगळे जरा बिचकलेच, मग नंतर नावांच्या जागी कोड टाकणार हे चारदा सांगितलं तेव्हा कुठे पेनं उघडली.

मला वाटलेलं सगळे मुख्याध्यापकांचं नाहीतर तंत्रस्नेही सरांचं नाव लिहिणार. घरी येऊन प्रत्येक शिक्षकाचा एक गोल नि तो ज्याला विचारतो त्याच्याकडे बाण असं काढत बसले (मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने १९३४ च्या पुस्तकात अशीच चित्रं काढलीयेत, सॉफ्टवेअर वगैरे नंतर बघू) तर सात बाण पहिलीच्या बाईंकडे! मुख्याध्यापकांकडे दोन, त्यातला एक म्हणे रजेच्या अर्जासाठी 😄

आणि मधल्या सुट्टीत बघितलं होतंच की मी, बाई डबा उघडा टाकून एका नव्या सरांना काड्यांचा दशकाचा गठ्ठा सोडून हातच्याची वजाबाकी दाखवत होत्या, पोळी पार वाळून गेली.

बाईंचा स्वतःचा फॉर्म मात्र कोरा. विचारलं तर म्हणाल्या, "मी कुणाला विचारू गं, सगळे आपापल्या गडबडीत."